वाइनची उपकरणं: पैसे कशावर घालावेत?

वाइन ‘मिनिटात मुरवणारं’ चुंबक अजिबात घेऊ नका. वाइन मुरते ती बाटलीत वर्षानुवर्षं सावकाश चालणाऱ्या रासायनिक क्रियांमुळे. चुंबकाने त्यातलं काही होत नाही. एअरेटर, म्हणजे बाटलीच्या तोंडाला लावायचं उपकरण, ओतताना वाइनमध्ये हवा मिसळतो हे खरं, पण तेच काम साधा काचेचा जग करतो. नवी, तुरट रेड वाइन थोड्या उंचीवरून जगात ओता, अर्धा तास ठेवा आणि चव घेऊन बघा.

उरलेल्या वाइनसाठी व्हॅक्यूम पंपाची जाहिरात फार होते, पण तो बाटलीतली सगळी हवा काढू शकत नाही. त्यापेक्षा बाटली उघडल्या उघडल्याच अर्धी वाइन छोट्या स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरा, घट्ट बूच लावा आणि फ्रिजमध्ये ठेवा. हवेला जागाच नसली की तीन-चार दिवस सहज निघतात. बुचातून सुई घालून आर्गॉन (वाइनवर परिणाम न करणारा वायू) सोडणारं उपकरण मात्र खरंच काम करतं. फक्त वायूच्या कॅप्सूलचा खर्च चालूच राहतो, म्हणून महागडी बाटली पेल्यापेल्याने पुरवायची असेल तरच घ्या.

वेटर वापरतात तो दोन खाचांचा कॉर्कस्क्रू मात्र जरूर घ्या. पहिली खाच बाटलीच्या काठाला टेकवून उचललं की बूच अर्धं वर येतं, दुसरीवर सरळ बाहेर. बूच सहसा तुटत नाही.