जंगलातला डबा शोधायला पहिल्यांदा जाताय? मग आधी आपलं पाऊल मोजा

आम्ही कनेक्टिकटमधे राहतो, गेली काही वर्षं मुलांना घेऊन लेटरबॉक्सिंगला जातो, आणि इकडे नवीन आलेली मराठी मंडळी भेटली की हमखास विचारतात की सुरुवात कशी करायची, म्हणून सगळं एकदाच सविस्तर लिहितेय.

आधी हे काय आहे ते सांगते. कोणीतरी जंगलात एक छोटा प्लास्टिकचा डबा लपवतो, त्यात एक वही आणि एक रबरी शिक्का असतो, आणि तिथपर्यंत कसं पोचायचं याचे क्लू लिहून ठेवतो. आपण क्लू वाचत वाचत जायचं, डबा सापडला की त्यातला शिक्का आपल्या वहीत मारायचा आणि आपला शिक्का त्यांच्या वहीत. बास. सुरुवात इंग्लंडमधल्या डार्टमूर या ओसाड माळरानावर झाली, १८५४ मधे जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने क्रॅनमिअर पूलपाशी एक बाटली ठेवली, एवढ्या आडजागी जो चालत येईल त्याने आपलं कार्ड त्यात टाकायचं म्हणून. अमेरिकेत हे पसरलं ते १९९८ मधे स्मिथसोनियन मासिकात त्यावर लेख आल्यानंतर. जिओकॅशिंग नावाचा डबे शोधायचा असाच दुसरा खेळ आहे, तो वेगळा, तो जीपीएसवर चालतो, इथे होकायंत्र आणि डोळे.

क्लू कुठे मिळतात? अॅटलसक्वेस्ट आणि लेटरबॉक्सिंग नॉर्थ अमेरिका या साइटवर गावाच्या नावाने शोधा. शिवाय आमच्या राज्याच्या वनविभागाने स्टेट फॉरेस्टमधे स्वतःच डबे ठेवलेत, त्यांचे क्लू फुकट मिळतात, पहिल्या वेळेला तेच घ्या असं मी म्हणेन. प्रिंट काढून न्या, जंगलात रेंज असेलच असं नाही.

सामान फार नाही. एक कोरी वही (जाड कागदाची, नाहीतर शाई मागे उतरते), स्टॅम्प पॅड, साधं फिरवता येणारी तबकडी असलेलं होकायंत्र, पेन, पाणी. आणि स्वतःचा शिक्का. तो विकतचा नको, घरी कोरा, खरंच सांगते, मुलांना सगळ्यात जास्त मजा यातच येते. मोठा पांढरा खोडरबर घ्यायचा, कागदावर मऊ पेन्सिलीने चित्र काढायचं, कागद रबरावर पालथा दाबून नखाने घासायचा, चित्र रबरावर उलटं उमटतं आणि शिक्का मारला की सुलटं येतं. माझ्या मुलीने घाईत थेट रबरावरच ‘अ’ काढून कोरला, तो वहीत उलटा उमटला, मग दुसऱ्या रबरावर चाफ्याचं फूल कोरलं आणि आता तीच आमची खूण आहे.

आता मुख्य गोष्ट. समजा क्लू असा आहे: ‘निळ्या खुणांच्या वाटेने जा, दगडी भिंत दुसऱ्यांदा ओलांडली की थांबा, १४० अंशावर जुळं ओकचं झाड दिसेल, झाडापासून त्याच दिशेने १२ पेस, सपाट दगडाखाली.’ निघण्याआधी हे पूर्ण दोनदा वाचा, कारण भिंती पहिल्यापासून मोजायच्या असतात आणि ते अर्ध्या वाटेत कळून उपयोग नाही. इकडच्या जंगलात जुन्या शेतांच्या दगडी भिंती जागोजागी आहेत. झाडावर एकावर एक दोन निळे पट्टे दिसले तर पुढे वळण आहे, वरचा पट्टा ज्या बाजूला सरकलेला त्या बाजूला वळायचं.

होकायंत्राची तबकडी फिरवून १४० आकडा समोरच्या रेघेवर आणा, यंत्र छातीसमोर आडवं धरा, आणि मग हात न फिरवता स्वतः फिरा, लाल सुई तबकडीतल्या लाल चौकटीत बसेपर्यंत. आता बाण दाखवतोय ती दिशा. फोन दुसऱ्या हातात नको, सुई हलते.

आणि पेस. पेस म्हणजे बहुतेक वेळा दोन पावलं, म्हणजे उजवा पाय टेकला की एक. पहिल्यांदा मी प्रत्येक पाऊल मोजलं आणि पाऊण तास चुकीच्या झाडाभोवती पाचोळा उकरत बसलो, डबा दुप्पट अंतरावर होता. म्हणून घराजवळ १०० फूट मोजून चाला, मोठ्या माणसाचे साधारण २० पेस होतात, तुमचे किती ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. मुलांचे वेगळे लिहा.

पोचलात की लगेच उकरू नका. उभं राहून बघा, झाडाच्या बुंध्याशी उगाच कोणी रचल्यासारखी दगडांची उतरंड दिसते का, सालीचा तुकडा आडवा ठेवलाय का. बिळात, भिंतीच्या फटीत आधी काठी घाला, हात नाही, इकडे कॉपरहेड नावाचे विषारी साप असतात. तीन पानांचं पॉयझन आयव्ही (अंगाला लागलं की खाज सुटते ते झुडूप) मुलांना ओळखायला शिकवा. पँट मोज्यात खोचा आणि घरी आल्यावर अंगावर टिक, म्हणजे गोचीड, आहे का बघाच, गुडघ्यामागे, काखेत, केसांत, तिच्यामुळे होणाऱ्या लाइम रोगाला नाव मिळालं तेच मुळी इथल्या लाइम गावावरून. चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. कपडे धुण्याआधी दहा मिनिटं ड्रायरमधे फुल गरम. शिकारीच्या सीझनमधे सगळ्यांना केशरी जॅकेट.

डबा सापडला की जागेपासून थोडं लांब जाऊन बसा, येणाऱ्याजाणाऱ्याला जागा कळायला नको. शिक्का मारा, तारीख लिहा, शाई वाळू द्या. डब्यातला शिक्का पुसून ठेवा आणि घरी आणू नका, चुकूनही. वही ज्या झिपलॉक पिशवीत असते तिच्यातली हवा दाबून काढा, कडेवरून बोट पुन्हा एकदा फिरवा, एवढ्याशा फटीतून पाणी शिरलं तर आधीच्या सगळ्यांचे शिक्के जातात. मग डबा होता तिथेच, तसाच, दगड आणि पाचोळा वर, आणि वाटेवर येऊन मागे वळून बघा. दिसत असेल तर परत जाऊन नीट झाका.