ऑस्ट्रेलियात फळं तोडायला जाताय?

ऑस्ट्रेलियाचा 'वर्क अँड हॉलिडे' व्हिसा (सबक्लास 462) 2024 पासून भारतीयांनाही मिळू लागला. वर्षाला हजार जागा, वय 18 ते 30, निवड सोडतीने. सोडतीत नाव घालायला 25 ऑस्ट्रेलियन डॉलर आणि पॅन कार्ड लागतं. 'नंबर लावून देतो' म्हणणाऱ्या एजंटला पैसे देऊ नका. सोडत संगणक काढतो, तिथे कुणाची ओळख चालत नाही. नंबर लागला की शिक्षण, इंग्रजी आणि खात्यात साधारण 5,000 डॉलर दाखवावे लागतात.

मी सुरुवात टास्मानियात चेरीपासून केली. डिसेंबर ते फेब्रुवारी हा तिथला हंगाम. चेरी देठासकट तोडायची, पण देठ जिथून निघतो तो फांदीवरचा डोळा मोडायचा नाही, कारण पुढच्या वर्षीचं फळ त्याच डोळ्यावर येतं. फळ मुठीत धरून ओढलं की डोळा गेलाच. दोन बोटांत देठ धरायचा आणि मनगट हलकंच वर वळवायचं. नाशिककडच्या पोरांना हे सांगावं लागत नाही, आम्हा शहरी मंडळींचा हात बसायला वेळ लागतो.

घरून फोन आला की पहिला प्रश्न, "किती सुटतात?" दर काय आहे यापेक्षा हाताला किती दिवस काम मिळतंय, यावर सगळं गणित असतं. पिकलेल्या चेरीवर पाऊस पडला की फळ तडकतं. पाणी झटकायला बागायतदार झाडांवरून हेलिकॉप्टर फिरवतात, आणि आपण खोलीवर पत्ते कुटत बसतो. हॉस्टेलचं भाडं मात्र आठवड्याच्या आठवड्याला द्यावंच लागतं. म्हणून काम देणारं आणि राहायला देणारं हॉस्टेल एकच असेल, तर काम कधी सुरू होणार ते आधी लेखी विचारा. एका ठिकाणी आम्हाला 'सोमवारपासून नक्की' म्हणून ठेवून घेतलं. तो सोमवार काही उजाडला नाही.

काम उक्तं, म्हणजे जितकं तोडाल तितके पैसे, असं असलं तरी एप्रिल 2022 पासून कायद्याने जितके तास राबाल तितक्या तासांचं किमान वेतन मिळायलाच हवं. कॅज्युअल (कायम नसलेल्या) कामगाराला त्यावर 25 टक्के जास्त. उक्त्या दराचा करार लेखी हवा. कंत्राटदार 'टॅक्स फाइल नंबर (करदात्याचा नंबर) नको, एबीएन (धंद्याचा नंबर) काढ' म्हणाला तर सावध व्हा. मग तुम्ही त्याचे कामगार न राहता कागदोपत्री धंदेवाले होता. रोख पैसेही नकोत. 15 टक्के कर पहिल्या डॉलरपासून कापला जातो, तो कापू द्या. दुसऱ्या वर्षाच्या व्हिसासाठी ठरलेल्या भागातलं तीन महिन्यांचं काम दाखवावं लागतं, तेव्हा पे-स्लिपच उपयोगी पडते.

मार्चपासून टास्मानियातल्याच ह्युऑन खोऱ्यात सफरचंदं. छातीवर पिशवी, ती भरली की बिनमध्ये, म्हणजे मोठ्या खोक्यात, अलगद रिती करायची. एका बिनमध्ये अंदाजे 400 किलो मावतात. रंग बघून तोडायचं असेल तर हात निम्म्याने मंदावतो, तेव्हा त्या फेरीचा दर वेगळा आहे का, हे सकाळीच विचारून घ्या.

थंडी पडली की बरेचजण क्वीन्सलंडला कॅबूल्चरकडे स्ट्रॉबेरीवर जातात. दिवसभर कमरेत वाकून काम. मी त्याऐवजी पॅकिंग शेड धरली. तिथे तासावर पगार, डोक्यावर छप्पर, आणि पावसाची सुट्टी नाही.