सोयाबीनच्या वाणांची तुलना आपल्याच रानात: काढणीपासून काट्यापर्यंत

दिवाळीच्या आसपास आमच्या लातूर जिल्ह्यातल्या औसा भागात कुणीही भेटलं की पहिला प्रश्न एकच: "बॅगेला किती कट्टे झाले?" या उत्तरावर गावात पुढच्या वर्षीचं बियाणं ठरतं आणि माझ्या मते नुकसानीची सुरुवात तिथेच होते. एकाची बियाण्याची बॅग 30 किलोची, दुसऱ्याची 25 ची. एकाने टोकण करून ती दीड एकराला पुरवली, दुसऱ्याने तिफणीने एका एकरात संपवली. कट्टाही कुणाचा 50 किलोचा, कुणाचा दाबून भरलेला 60 चा. यातून वाण कसं होतं ते कळत नाही. कंपनीच्या फलकावरचा आकडा तर त्याहून लांबचा. एका प्रात्यक्षिकात विहिरीकडेचा भारी काळा तुकडा मोजताना मी स्वतः पाहिलंय. त्याच रानातल्या मुरमाड पट्ट्यात तेच वाण गुडघ्याएवढंही नव्हतं. तो पट्टा कुणी मोजलाच नाही.

म्हणून आमच्या बायकांच्या गटात वाण आम्हीच तपासतो. बियाणं विकणारा माणूस ना जागा ठरवतो, ना काट्याजवळ उभा राहतो. अर्धा एकर रान, मोजपट्टी, दोरी, ताडपत्र्या आणि एक काटा, एवढं पुरतं.

पेरणीचं थोडक्यात सांगते. चार वाणं घ्या, त्यातलं एक तुम्ही दरवर्षी पेरता तेच असू द्या. आमच्याकडे ते जेएस-335 असतं. त्याच्यासोबत परभणी विद्यापीठाचं एमएयूएस-612, राहुरीचं फुले संगम आणि फुले किमया. प्रत्येक वाण तीन ठिकाणी पेरायचं: रानाच्या वरच्या अंगाला, मध्ये आणि खालच्या अंगाला. आपल्या रानात वर मुरूम आणि खाली काळी असते, त्यामुळे एकाच जागी पेरलेलं वाण जमिनीच्या जोरावर जिंकतं किंवा हरतं. तिन्ही ठिकाणी वाणांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. पेरणी एकाच दिवशी, तासांत, म्हणजे पेरणीच्या ओळींत, 18 इंच अंतर, खत आणि बीजप्रक्रिया सगळ्यांना सारखी. तीन फणांच्या तिफणीने पाच फेरे मारले की एका तुकड्याचे 15 तास होतात. तुकडा 75 फूट लांब ठेवा.

आता खरं काम, काढणीचं.

सगळी वाणं एकाच दिवशी कापू नका. फुले संगम जेएस-335 पेक्षा आठवडाभर तरी उशिरा येतं. मजूर आलेत म्हणून हिरव्या शेंगांवर विळा चालवला तर दाणा बारीक राहतो आणि दोष वाणाला लागतो. दहातल्या नऊ शेंगा तपकिरी झाल्या, पानं गळाली की त्या वाणाचा दिवस आला. उलट लवकर आलेलं वाण बाकीच्यांसाठी उभं ठेवलं तर शेंगा तडकतात.

कापायच्या आधी प्रत्येक तुकड्यातून एक चक्कर मारा आणि वहीत लिहा: झाडं किती विरळ, पिवळा मोझॅक रोग किती, किती झाडं लोळली. एका मीटरच्या तासातली झाडं चार जागी मोजा. उगवणच कमी झालेल्या तुकड्याचा उतारा कमी आला तर कारण हाताशी असतं.

मग कडेचे दोन-दोन तास आधी कापून बाजूला टाका. कडेच्या झाडांना ऊन आणि जागा जास्त मिळते, शिवाय शेजारच्या वाणाची सावलीही पडते. लांबीतूनही दोन्ही टोकांचे चार-साडेचार फूट सोडा. उरतात मधले 11 तास, 66 फूट लांबीचे. 11 तासांची रुंदी साडेसोळा फूट. तिला 66 ने गुणलं की 1,089 चौरस फूट, म्हणजे बरोबर एक गुंठा. म्हणून हे माप मला आवडतं: आलेल्या किलोंना 40 ने गुणलं की एकरी उतारा मिळतो, कुणाला विचारायला जावं लागत नाही. मात्र पट्टी ताणून धरा, पावलांनी मोजू नका.

कापलेला माल त्याच तुकड्याच्या ताडपत्रीवर टाका आणि दोन चिठ्ठ्या लावा, एक आत, एक बाहेर. पेन्सिलीने लिहा; दवाने पेनाची शाई पसरते. चिठ्ठीवर वाणाचं नाव नको, फक्त 1 ते 12 आकडा. कोणत्या आकड्याला कोणतं वाण, ती यादी एकीच्या घरी राहू द्या. वजन घेणाऱ्या बाईला आपलं आवडतं वाण काट्यावर कोणतं आहे हे कळता कामा नये. ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाची खबरदारी आहे.

माल उचलल्यावर जमिनीकडे बघा. एक मीटर बाय एक मीटरची चौकट टाकून पडलेले दाणे मोजा. शंभर दाण्यांचं वजन साधारण 12 ग्रॅम धरलं, तर चौरस मीटरला शंभर दाणे पडले म्हणजे एकराला 48 किलो मातीत गेले. जवळपास एक कट्टा! तडकणारं वाण इथे उघडं पडतं, आणि हा आकडा कुठल्याही जाहिरातीत नसतो.

मळणीला हडंबा, म्हणजे मळणी यंत्र, लावत असाल तर प्रत्येक तुकड्यानंतर तो रिकामा चालू द्या, चाळण्या झाडा, तळाशी अडकलेले दाणे काढा. आधीच्या वाणाचे दोन किलो पुढच्याच्या पोत्यात गेले तर एकराच्या हिशोबात 80 किलोंची गडबड होते. घाई करणाऱ्या हडंबावाल्याला पैसे थोडे जास्त द्या, पण हे करून घ्या. ड्रमचे फेरे मिनिटाला 400 च्या आसपास ठेवले तर दाणे फुटून त्यांची डाळ कमी होते.

वजन भर दुपारी घ्या, दव पूर्ण उडाल्यावर. काटा सगळ्यांसाठी एकच, आणि सुरुवातीला किराणा दुकानातून आणलेल्या मापाने तपासलेला. रिकाम्या पोत्याचं वजन वजा करा. एकीने आकडा वाचायचा, दुसरीने मोठ्याने म्हणत लिहायचा.

पण नुसत्या वजनावर निकाल लावू नका, ओलावा मोजा. प्रत्येक पोत्यातला नमुना घट्ट बंद पिशवीत घेऊन त्याच दिवशी आडत दुकानात किंवा शेतकरी कंपनीत ओलावा मापकावर तपासून आणा. हमीभावाच्या खरेदीची नेहमीची मर्यादा 12 टक्के आहे, म्हणून सगळे आकडे 12 टक्क्यांवर आणायचे. त्यासाठी शंभरातून ओलावा वजा करा, आलेल्या आकड्याने वजनाला गुणा आणि 88 ने भागा. समजा एका गुंठ्याला एक वाण 28 किलो आलं, ओलावा 18 टक्के. 28 गुणिले 82 भागिले 88, म्हणजे 26.1 किलो. दुसरं 27 किलोच आलं, पण ओलावा 12 टक्के. ते 27 च राहतं. काट्यावर मागे दिसणारं वाण एकरी 36 किलोंनी पुढे निघालं.

निकाल वाचताना फक्त सरासरी बघू नका. तिन्ही ठिकाणी एकच वाण पुढे असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवावा. वर पुढे, खाली मागे असं असेल आणि फरक किलो-दीड किलोचाच असेल, तर दोन्ही सारखीच समजा आणि लवकर येणारं निवडा. त्यामागे पेरायच्या हरभऱ्याला ओल सापडते. एका वर्षाच्या आकड्यावर सगळं रान बदलू नका. ऑगस्टमध्ये पावसाने ओढ दिली तर एक वाण पुढे जातं, काढणीत पाऊस आला तर दुसरं. निदान दोन खरीप बघा.

मका तपासायचा असेल तर पद्धत हीच, माप वेगळं. दोन फुटांवरचे 8 तास 68 फूट लांब घेतले की गुंठाभर होतो. सगळी कणसं सोलून वजन करा, मग न निवडता 20 कणसं उचलून त्यांचे दाणे काढा; कणसाच्या वजनात दाणा किती टक्के, ते त्यातून कळतं. मक्याचा हिशोब 14 टक्के ओलाव्यावर आणा, म्हणजे 88 च्या जागी 86. मका ओला असतानाच काढला जातो, त्यामुळे इथे फरक फार मोठा पडतो. मोबाइलवर अमेरिकेतल्या चाचण्यांचे आकडे दिसले तर लक्षात ठेवा, तिथे मका 15.5 आणि सोयाबीन 13 टक्क्यांवर मोजतात.

संकरित मक्याचं बियाणं घरचं ठेवता येत नाही, सोयाबीनचं येतं. जिंकलेल्या वाणाच्या मधल्या तासांतला माल वेगळा वाळवा, हवेशीर जागी फळीवर ठेवा आणि पोत्यांची उंच थप्पी लावू नका, वजनाने बियाण्याची उगवण जाते. मे महिन्यात ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मोजून ठेवा. सत्तर किंवा जास्त उगवले तर ते पेरायला घ्या, कमी उगवले तर विकत आणा.