निरीक्षणगृहातल्या मुलाचं मूल्यांकन करायला जाताना

पोलिसांची फाईल नीट वाचून जा, पण मुलासमोर ठेवू नका. ती टेबलावर दिसली की पोरगं आपल्याशी बोलत नाही, तिच्याकडेच बघत राहतं.

सोळा ते अठरा वयाच्या मुलावर किमान सात वर्षं शिक्षेच्या गुन्ह्याचा आरोप असेल, तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम १५ खाली, त्याच्यावर मोठ्यांसारखा खटला चालवायचा का हे ठरवण्यासाठी, बाल न्याय मंडळ आपल्यासारख्या मानसतज्ज्ञांची मदत घेतं. मुलाची मानसिक-शारीरिक क्षमता, परिणामांची समज आणि तेव्हाची परिस्थिती, एवढंच बघायचं असतं. आरोप खरा की खोटा हे आपण ठरवत नाही. म्हणून ‘तू केलंस का?’ हा प्रश्न नकोच. आपण कोण, अहवाल कुणाकडे जाणार, हे त्याला आधी सांगा. मंडळापुढे पहिल्यांदा हजर केल्यापासून तीन महिन्यांची मुदत असते. त्यात निदान तीन भेटी बसवा.

गॅरेजात काम करणारा एक मुलगा पहिल्या भेटीत सगळ्यालाच ‘हो मॅडम’ म्हणत होता. चाचणीचे कागद मी बाजूला सारले. विचारलं, ‘गिऱ्हाईक घाईत आहे, ब्रेक झिजलेत. काय करशील?’ त्यानं अंगठ्याचं नख दाखवलं. ‘एवढंच जाड राहिलं असेल तर गाडी सोडायचीच नाही. पुढं घाट लागला तर?’ मग विचारलं, ‘रात्री चार मित्र चल म्हणाले तर?’ बराच वेळ गप्प बसला. ‘तेव्हा कुठं सुचतंय, मॅडम.’

दोन्ही उत्तरं त्याच्याच शब्दांत लिहा. ‘मुलगा हुशार आहे, म्हणजे परिणाम कळत होते’ असे अहवाल वाचले की माझा जीव तुटतो. परिणाम म्हणजे फक्त त्या क्षणी काय होईल एवढंच नव्हे. पीडित, तिचं किंवा त्याचं घर, मुलाचं स्वतःचं पुढचं आयुष्य, हे सगळं त्यात येतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये सांगितलंय.

पुनर्वसनाच्या भागात ‘समुपदेशनाची गरज आहे’ लिहून थांबू नका. कोण करणार, आठवड्यातून किती वेळा, हे लिहा. शाळा कितवीत आणि का सुटली, झोप लागते का, नशेसाठी सोल्युशन हुंगतो का, सुटल्यावर त्याच नाक्यावर परत जाणार का, तेही विचारा. या मुलासाठी मावशीचं घर सुचवलं. गॅरेजमालक भेटीच्या दिवशी आपणहून आले होते. कामावर परत घेतो म्हणाले. तो शब्द मी तारखेसह वैयक्तिक काळजी योजनेसाठी परिविक्षा अधिकाऱ्यांना (प्रोबेशन ऑफिसर) लिहून दिला.