इंजिन बांधताना पॅकिंग आणि बॉन्ड कुठं, किती लावायचा

मोटारसायकलचं इंजिन खोलून परत बांधलं आणि थोड्याच दिवसांत क्लच कव्हरखालून तेल यायला लागलं, ही तक्रार साताऱ्यात कुठल्याही गॅरेजवर उभं राहा, ऐकायला मिळतेच. आणि मग उपाय काय, तर अजून बॉन्ड, म्हणजे जॉईंट बंद करायचं ट्यूबमधलं सिलिकॉन किंवा सीलंट, थापा. माझं मत अगदी उलटं आहे, बॉन्ड जेवढा कमी तेवढं इंजिन सुखी, आणि जिथं कंपनीनं पॅकिंग, म्हणजे दोन भागांमध्ये बसणारं कागदी, रबरी किंवा धातूचं गॅस्केट, दिलंय तिथं तर बहुतेक वेळा तो लागतच नाही.

का ते आधी समजून घ्या. कव्हर आवळलं की जादाचा बॉन्ड दोन्हीकडनं पिळून बाहेर येतो, बाहेरचा आपल्याला दिसतो म्हणून आपण पुसतो पण तेवढाच आतल्या बाजूला पण गेलेला असतो, तो वाळतो, त्याचा तुकडा सुटतो आणि तेलाबरोबर फिरत ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो. जाळी चोंदली की हेडमध्ये, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागात, तेल पोचत नाही आणि व्हॉल्व्ह हलवणारे कॅम, रॉकर घासून खलास. गळती परवडली, हे नाही परवडत. स्प्लेंडरसारख्या गाडीत क्लच कव्हर काढलं की खालच्या बाजूला खाचेत बसवलेली जाळी असते, कव्हर उघडलंच आहे तर ती ओढून धुऊनच घ्या.

आता मेहनत कुठं करायची, तर फेस, म्हणजे दोन भाग जिथं एकमेकांवर बसतात ती सपाट जागा, साफ करण्यात. निम्म्याहून जास्त गळती इथंच थांबते. जुनं पॅकिंग चिकटलेलं असतं म्हणून स्क्रू ड्रायव्हरनं खरवडू नका, ॲल्युमिनियम मऊ असतं, एक आडवा ओरखडा पडला की तेलाला वाट झालीच. थिनर लावून थोडं भिजू द्या, मग प्लॅस्टिकची पट्टी किंवा ब्लेड एकदम आडवं धरून हळूहळू काढा. खरवडताना क्रँककेसच्या (इंजिनच्या खालच्या पेटीच्या) तोंडात स्वच्छ फडकं कोंबून ठेवा, कचरा आत गेला तर सगळी मेहनत वाया. शेवटचा हात थिनर किंवा ब्रेक क्लीनरनं मारायचा, पेट्रोलनं नको, त्याचा तेलकटपणा मागं राहतो. फेस वाकलाय का ते बघायला सरळ स्टीलपट्टी उभी धरून खालनं फिलर गेजची (फट मोजायची) पातळ पत्ती जाते का बघा. कव्हर नेमक्या जागी बसवणाऱ्या छोट्या डॉवेल पिना जागेवर आहेत का ते पण आत्ताच बघा, त्या जुन्या कव्हरला चिकटून भंगारात गेलेल्या असतात.

कुठल्या जॉईंटला काय:

हेड पॅकिंग – कोरडं. बॉन्ड, ग्रीस, शेलॅक काहीही नाही. आणि जुनं परत वापरायचं नाही, ते एकदा दबलं की दबलं.

ब्लॉकखालचं (सिलिंडर आणि क्रँककेसमधलं) पॅकिंग – मॅन्युअलमध्ये वेगळं सांगितलं नसेल तर हे पण कोरडं. जाडी मूळचीच पाहिजे, जाड पेपर कापून घातला तर कॉम्प्रेशन कमी होतं, पातळ घातला तर वाढतं.

क्लच कव्हर, मॅग्नेट कव्हर – कागदी पॅकिंग, नवं, कोरडं किंवा तेलाचा हलका हात. पुढच्या वेळी सोलून निघतं.

हेड कव्हरचं रबर – रबर चांगलं असेल तर तेच चालतं, फक्त अर्धगोल कोपरे असतील तर कोपऱ्यात बॉन्डचा एक ठिपका.

सायलेन्सरची रिंग – नवी टाका, सिलिकॉन तिथं जळून जातं.

कार्बोरेटर आणि पेट्रोलची कुठलीही जागा – साधं सिलिकॉन अजिबात नाही, पेट्रोलमध्ये ते फुगतं.

मग बॉन्ड लागतो कुठं? ज्या क्रँककेसच्या दोन भागांमध्ये कंपनीनं पॅकिंगच दिलेलं नाही तिथं. तिथं थ्रीबॉन्ड १२१५ सारखं करडं सिलिकॉन किंवा लॉकटाईट ५१८ सारखं हवा बंद झाल्यावर घट्ट होणारं सीलंट, मॅन्युअल सांगेल ते. आंबट व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन इंजिनला नको, ते धातू खातं. २०२० च्या एप्रिलपासूनच्या बीएस६ गाड्यांना एक्झॉस्टवर ऑक्सिजन सेन्सर असतो, त्यांना ट्यूबवर सेन्सर-सेफ, म्हणजे सेन्सरला न बिघडवणारं, लिहिलंय का बघूनच घ्या.

लावायचं कसं: एकाच फेसला, एक-दीड एमएमची अखंड रेघ, बोल्टच्या भोकाला आतल्या बाजूनं वळसा घालून. तेलाच्या भोकाजवळ रेघ न्यायचीच नाही, तिथं बोटानं पातळ फिल्म पुरे. सिलिकॉनवर पापुद्रा धरायच्या आत, म्हणजे साधारण पाच-दहा मिनिटांत, कव्हर बसवायचं. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यावर सुकतं, त्यामुळं आपल्याकडं पावसाळ्यात पापुद्रा लवकर धरतो आणि एप्रिल-मे च्या कोरड्या उन्हात वेळ लागतो, हे लक्षात ठेवून हात चालवा.

बोल्ट काढतानाच पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून भोकं पाडा आणि ज्याचा बोल्ट त्याच भोकात खोचा, लांबी वेगवेगळी असते, लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर केस फुटते. बंद भोकात तेल साचलेलं असेल तर ते पण टिपून घ्या, त्यानं पण केस तडकू शकते. आधी सगळे बोल्ट हातानं टेकवा, मग समोरासमोर, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. कव्हरचे ८ नंबर पान्याचे बोल्ट ६ एमएमचे असतात, त्यांना १० न्यूटन मीटरच्या आसपास पुरतं, आकडा मॅन्युअलचाच धरा आणि टॉर्क पाना कुणाकडनं तरी मागून आणा. अंदाजानं जोर लावला की आटे जातात आणि मग लेथवाल्याकडं फेरी.

सिलिकॉन लावलं असेल तर २४ तास तेल भरू नका, गिऱ्हाईक कितीही घाई करू दे. ड्रेन बोल्टचं वायसर नवं टाका. तेल भरून पाच मिनिटं इंजिन चालू ठेवा, बंद करून कोरड्या फडक्यानं सगळे जॉईंट पुसा, मग यवतेश्वरच्या घाटात एक चक्कर मारून या, चढाला इंजिन नीट तापतं, आणि परत आल्यावर त्याच जागांवर बोट फिरवून बघा, गार झाल्यावर तेलाची लेव्हल पण.