रेडिओ आणि क्ष-किरणांवरून कृष्णविवराचं वस्तुमान काढताना

‘फंडामेंटल प्लेन’ म्हणजे कृष्णविवराचं वस्तुमान, रेडिओ तेजस्विता आणि क्ष-किरण तेजस्विता यांना जोडणारा संबंध. दोन तेजस्वितांचे आकडे सूत्रात घातले की वस्तुमान हातात, असा त्याबद्दल नव्यांचा समज असतो. खरी मेहनत ते दोन आकडे स्वच्छ मिळवण्यात आहे.

रेडिओ तेजस्विता ५ गिगाहर्ट्झवरची आणि फक्त आकाशगंगेच्या गाभ्याची घ्या. क्ष-किरणांची २ ते १० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टमधली, वाटेतल्या वायूने शोषलेला भाग भरून काढून. दोन्ही अर्ग (ऊर्जेचं एकक) प्रति सेकंदात. मिलीजॅन्स्की या रेडिओ-एककातला फ्लक्स, म्हणजे आपल्यापर्यंत पोचणारा ऊर्जेचा ओघ, प्रति हर्ट्झ असतो. वारंवारतेने गुणायचं विसरलात तर उत्तर अब्जावधी पटींनी गडगडतं.

सूत्र २००३ मधलं मर्लोनी आणि सहकाऱ्यांचं उलटवून वापरू नका. ते रेडिओ तेजस्वितेचा अंदाज बांधायला केलेलं आहे. विखुरलेपण (प्रत्यक्ष स्रोतांचं सूत्रापासून इकडेतिकडे असणं) मोठं असल्यामुळे उलटवल्यावर उतार बदलतात. वस्तुमानासाठी गुल्तेकिन आणि सहकाऱ्यांचं २०१९ चं घ्या:

लॉग म = ०.५५ + १.०९ लॉग र − ०.५९ लॉग क्ष

इथे म १० कोटी सूर्यवस्तुमानांत, र १०^३८ च्या आणि क्ष १०^४० च्या पटीत.

समजा, आकाशगंगा १० मेगापार्सेकवर (सुमारे ३.३ कोटी प्रकाशवर्षांवर), रेडिओ १ मिलीजॅन्स्की, क्ष-किरण फ्लक्स १०^−१३ अर्ग प्रति सेकंद प्रति चौरस सेंटिमीटर. रेडिओ तेजस्विता ६×१०^३५, क्ष-किरणांची १.२×१०^३९. उत्तर सुमारे ४७ लाख सूर्य. पण विखुरलेपण जवळजवळ दहापट, म्हणजे खरं वस्तुमान ५ लाख ते ५ कोटींमध्ये कुठेही. अंतरातली २० टक्क्यांची चूक वस्तुमानातही साधारण तेवढीच उतरते, त्यामुळे तिथे डोकं खपवू नका.

डोकं खपवा ते भेसळीवर. १०^३९ इतकी क्ष-किरण तेजस्विता एखादा जोडताराही (सोबतच्या ताऱ्याचा वायू गिळणारं छोटं कृष्णविवर) देतो, आणि ती भर पडली की वस्तुमान कमी दिसतं. ताऱ्यांच्या जन्मस्थळांचा, सुपरनोव्हाच्या अवशेषांचा रेडिओ मिसळला की उलट फुगतं. म्हणून ‘चंद्रा’ ही क्ष-किरण अवकाशदुर्बीण आणि विस्तृत रचनेतला (अँटेना दूरदूर पसरलेला) व्हीएलए हा रेडिओ दुर्बिणींचा संच वापरा. दोन्हींची विभेदनक्षमता, म्हणजे जवळजवळचे स्रोत वेगळे दाखवण्याची ताकद, सुमारे अर्धा आर्कसेकंद. दोन निरीक्षणांत वर्षांचं अंतर असेल तर वेगळाच घोळ, कारण स्रोत मधल्या काळात बदलतो.

क्वेसार (भराभर वायू गिळणारी अतितेजस्वी कृष्णविवरं) आणि ब्लेझार यादीतून आधीच काढा. संबंध टिकतो तो मंद गतीने वायू गिळणाऱ्या कृष्णविवरांत. ब्लेझारचा झोत आपल्याकडे रोखलेला असल्याने तेजस्विता फसवी वाढते.

एवढ्या अनिश्चिततेत नेमकं वस्तुमान मागणं व्यर्थच. पण समोरचा स्रोत दहा सूर्यांचा जोडतारा की लाखो सूर्यांचं कृष्णविवर, एवढा निवाडा हे सूत्र बऱ्यापैकी करतं.