फॉल कलर्समध्ये घरच्यांचे फोटो काढताय? या चुका टाळा

न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कनेटिकट या पट्ट्यातल्या मराठी घरांत ऑक्टोबरचा शेवट म्हणजे फोटोंचा हंगाम. भारतातून आलेले आई-बाबा थंडी वाढायच्या आत परत जाणार असतात, दिवाळीचे कपडे कपाटातून बाहेर निघालेले असतात आणि झाडं लाल-पिवळी झालेली असतात. एवढं सगळं जुळूनही फोटोत पानं सुरेख येतात आणि माणसं काळवंडलेली. याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: जागा आणि वेळ झाडांकडे बघून ठरवलेली असते. ती चेहऱ्यावर पडणाऱ्या उजेडाकडे बघून ठरवायला हवी.

तारीख आणि वेळ चुकणं

व्हरमाँट आणि न्यू हॅम्पशरच्या उत्तर भागात रंग सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत भरात असतात. ते फोटो बघून मध्य न्यू जर्सीत ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याचा बेत आखला, तर झाडं अजून हिरवीच सापडतात. तिथे ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा धरून चाला. आधी मेपल रंगतात, ओक मागून येतात आणि बहुतेक तपकिरीकडे झुकतात. त्यामुळे चार दिवस आधी एकदा जाऊन झाडं बघून या.

वेळेची चूक याहून महागात पडते. ‘सूर्यास्ताच्या आधीचा तास’ हा नियम मोकळ्या माळावर किंवा समुद्रकिनारी बरोबर आहे, झाडांनी वेढलेल्या पार्कमध्ये नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि न्यू जर्सीत सूर्यास्त पाचच्या आत येतो. त्यातही २० मीटर उंचीची झाडं ६० मीटरवर पश्चिमेला असतील, तर सूर्य तीनच्या सुमारासच त्यांच्याआड जातो. त्यानंतर उजेड मऊ असतो पण निळसर, आणि पानांमधली चमक गेलेली असते. साडेचारला पोचलेल्या कुटुंबाला आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) ३२०० वर नेऊन फोटो काढावे लागतात आणि मुलांचे हात हलून धूसर येतात.

आपल्याकडे ‘दुपारी फोटो काढू नका’ म्हणतात, त्याचीही इथे अडचण होते. १ नोव्हेंबरला मुंबईत भर दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण ५६ अंशांवर असतो, न्यू जर्सीत ३५ अंशांवर. म्हणजे इथली दुपार तिथल्या सव्वातीन-साडेतीनच्या उन्हासारखी तिरपी असते. नोव्हेंबरमध्ये एक ते तीन ही वेळ निःसंकोच वापरा. हवाही त्याच वेळी सगळ्यात उबदार असते, आणि आजी-आजोबा सोबत असतील तर हे कारणच पुरेसं आहे. ढगाळ दिवस तर वाया घालवूच नका. पाऊस पडून गेल्यावर ओल्या पानांचा रंग सगळ्यात गडद दिसतो. फक्त पांढरं आकाश फ्रेममध्ये घेऊ नका.

सूर्य चुकीच्या बाजूला

ऊन थेट तोंडावर घेतलं की डोळे बारीक होतात. झाडाखाली उभं केलं की पानांतून गळणाऱ्या उन्हाचे चट्टे गालावर पडतात, आणि ते नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने नीट जात नाहीत. पिवळ्या मेपलच्या अगदी खाली आणखी एक त्रास असतो: पानांचा पिवळा उजेड पांढऱ्या केसांवर, पांढऱ्या सदऱ्यावर आणि हनुवटीखाली उतरतो. समोरून आकाशाचा निळसर उजेड आणि बाजूने पिवळा, अशा मिश्रणावर व्हाइट बॅलन्सचा (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेऱ्यात लावायच्या सेटिंगचा) एकच आकडा लागू पडत नाही.

उपाय सोपा आहे. माणसांना झाडापासून तीन-चार मीटर पुढे आणा. सूर्य त्यांच्या पाठीमागे, किंचित एका बाजूला ठेवा, म्हणजे पानं मागून उजळतात आणि केसांना कड मिळते. चेहरे मोकळ्या आकाशाकडे वळवा. जागा पक्की करण्याआधी स्वतःचा तळहात समोर धरून हळूहळू गोल फिरा. ज्या दिशेला हातावरची सावली सगळ्यात मऊ आणि उजेड एकसारखा दिसेल, तिकडे चेहरे असू द्या. आता कॅमेरा मागच्या उजेडाला फसून चेहरे काळे करेल. त्यासाठी चेहऱ्यावर स्पॉट मीटरिंग करा (फक्त तेवढ्या भागाचा उजेड मोजा) किंवा एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, ०.७ ते १ स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). पांढरा थर्माकोल किंवा फोमबोर्ड कोणी छातीच्या उंचीवर, दीड मीटरवर धरला तर डोळ्यांखालच्या सावल्या भरून निघतात. व्हाइट बॅलन्स ऑटोवर सोडू नका, कारण समोरचा लाल रंग बघून तो सगळंच थंड करून टाकतो. ढगाळ असेल तर ६००० ते ६५०० केल्विन, सावलीत ७०००च्या आसपास ठेवा.

लाल पैठणी, लाल पानं

लाल किंवा केशरी साडी लाल मेपलसमोर हरवते. मोरपंखी, गडद निळा, जांभळा, मोतिया हे रंग उठून दिसतात. लालच नेसायची असेल तर मागे पिवळी झाडं किंवा करडी दगडी भिंत शोधा. लाल रेशमाची दुसरी अडचण कॅमेऱ्याच्या आत असते: कॅमेरा लाल, हिरवा, निळा हे तीन रंग वेगळे नोंदवतो, त्यांतला लाल चॅनेल इतर दोघांच्या आधी भरतो, साडीचं पोत जातं आणि एक सपाट लाल ठिगळ उरतं. साध्या हिस्टोग्राममध्ये (उजेडाचं वाटप दाखवणाऱ्या कॅमेऱ्यातल्या आलेखात) हे दिसत नाही. तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम लावा. लाल उजवीकडे आपटत असेल तर एक्स्पोजर १/३ ते २/३ स्टॉप कमी करा आणि चेहऱ्याची भरपाई त्या पांढऱ्या फोमबोर्डने करा. जरीच्या पदरावर थेट ऊन पडू देऊ नका.

थंडी विसरणं

दहा अंश सेल्सियसमध्ये साडी नेसून वीस मिनिटं उभं राहिलेल्या आईच्या चेहऱ्यावर हसू येत नाही, ते आणण्याचा प्रयत्न दिसतो. ब्लाउजखाली पातळ थर्मल, साडीखाली लेगिंग आणि मोजे असू द्या. कॅमेऱ्याची सगळी तयारी दुसऱ्या कोणावर करून घ्या, मगच आई-बाबांना जॅकेट काढायला सांगा. एका वेळी तीन-चार मिनिटं पुरेत, मग पुन्हा जॅकेट. घडीची खुर्ची सोबत न्या.

बाबांच्या चष्म्याकडे बरेच जण लक्ष देत नाहीत. उन्हात काळ्या होणाऱ्या काचा थंडीत जास्तच गडद होतात, आणि ढगाळ हवेतही डोळे झाकतात. साध्या काचांचा जुना चष्मा आठवणीने बरोबर ठेवा. साध्या काचांवर आकाश चमकत असेल तर हनुवटी जराशी खाली घ्यायला सांगा.

बॅटरीही थंडीत लवकर बसते. जोडीची बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा.

मागचं धूसर करण्याच्या नादात

फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ८५ मिमी लेन्स, अपर्चर (लेन्सचं छिद्र; आकडा लहान तितकं ते मोठं) एफ १.८ आणि अडीच मीटर अंतर असेल तर फोकसमधली पट्टी जेमतेम ९ सेंटिमीटरची असते. एकट्या माणसाला ती चालते. आजीच्या मांडीवर नातू असेल तर दोघांपैकी एक जण मऊ येणारच. दोघांसाठी एफ ४, दोन ओळींच्या गटासाठी एफ ५.६ ते ८ वापरा. ५० मिमीवर चार मीटरवरून एफ ५.६ ला साधारण दोन मीटर खोली मिळते. पानं धूसर हवी असतील तर अपर्चर उघडण्याऐवजी माणसं आणि झाडं यांच्यातलं अंतर वाढवा.

शटरचा वेग स्थिर मोठ्यांसाठी १/२०० सेकंद, मुलांसाठी १/५००, पानं उधळत धावणाऱ्यांसाठी १/१०००. आठ जणांच्या गटाचे दहा-बारा फोटो तरी घ्या, कोणाचे ना कोणाचे डोळे मिटलेले असतातच.

फोनवर काढत असाल तर आधी काच पुसा. मुख्य कॅमेरा बऱ्यापैकी वाइड असतो, त्यामुळे हातभर अंतरावरून नाक मोठं दिसतं. दोन मीटर मागे जा आणि २एक्स झूम वापरा. अल्ट्रावाइडमध्ये कडेचा माणूस ताणला जातो, म्हणून आजीला कधीही कडेला उभं करू नका. पोर्ट्रेट मोड झुमके, सुटे केस आणि पदराचे गोंडे कापतो. तसाच एक साधा फोटोही काढून ठेवा. चेहऱ्यावर बोट दाबून धरून फोकस लॉक करा आणि ब्यूटी फिल्टर बंद ठेवा.

बसायची जागा

पॉयझन आयव्ही ही वेल याच दिवसांत सुंदर लाल होते आणि झाडाच्या खोडावर चढलेली असते. तिची पानं तीन-तीनच्या जुडीत असतात. तिला टेकलं की अंगावर खाज आणि फोड येतात. पानांच्या ढिगात मुलांना लोळवण्याआधी गोचिडींचा विचार करा: हरणांवरच्या या गोचिडी थंडी सुरू झाल्यावरही सक्रिय असतात आणि त्यांच्यामुळे लाइम आजार होतो. पायमोजे पँटवर ओढून घ्या, आणि घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांत तपासा. रेल्वेच्या रुळांवर फोटो काढू नका. तो गुन्हा आहे, आणि गाडी जवळ येईपर्यंत ऐकू येत नाही.

शेवटी एडिटिंग

पानं भडक करायला सॅच्युरेशन ओढलं की माणसं केशरी होतात, कारण आपल्या त्वचेचा रंग त्याच केशरी पट्ट्यात बसतो. आधी माणसांचा मास्क काढा (म्हणजे फक्त माणसांचा भाग निवडा), तो उलटा करा आणि बदल फक्त मागच्या भागावर करा. चेहरे उजळताना गोरे करू नका. आईचा गहूवर्णी रंग आहे तसा दिसला पाहिजे, फक्त त्यावर पुरेसा उजेड हवा. गावी पाठवताना व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फाइल लहान होते. ८ बाय १२ इंचाच्या चांगल्या प्रिंटला ३०० पीपीआयने (इंचाला ३०० पिक्सेल) २४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात.